शाळामास्तर जॉर्ज ओहम



दहावीच्या वर्गात ओहमचा नियम शिकवला जातो. विभवांतराला विद्युतधारेने भागले की रोध मिळतो आणि विभवांतराला विद्युतधारेने गुणले की शक्ती मिळते. तारेच्या दोन टोकांमध्ये ६ व्होल्ट आहेत आणि तारेतून २ अँपियर धारा वाहते, तर रोध किती? ३ ओहम. शक्ती किती? १२ वॉट. हे उत्तर आपल्या शाळेतील कोणताही विद्यार्थी झोपेतून उठवून विचारले तरी देईल, याचा आम्हाला अभिमान आहे.

मात्र मागील सत्रात प्रायोगिक वह्या तपासताना आम्हाला एक गोष्ट खटकली. बऱ्याच वह्यांमध्ये व्होल्टमीटर आणि अमीटरची वाचने अगदी सारखी होती, दशांश चिन्हानंतरच्या अंकांसह. सर्वांचे आलेख एकदम सरळ, जणू पट्टी ठेवून बिंदू मागाहून काढले असावेत. एका वहीत मात्र रेषेच्या थोडे खाली, खोडरबराने पुसलेल्या एका बिंदूचा वळ कागदावर राहिला होता. त्या विद्यार्थ्याने बहुधा खरेच वाचन घेतले होते. बिंदू रेषेवर आला नाही म्हणून त्याने तो पुसला आणि शेजाऱ्याचा आकडा लिहिला.

आम्ही त्याला रागावलो नाही. कारण बी.एस्सी.ला असताना आम्हीही हेच केले आहे. गुण कापले जातील या भीतीने वाचने 'जुळवून' आणणे ही आमच्या पिढीचीही सवय होती. त्या दिवशी घरी आल्यावर ज्यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो त्यांचे चरित्र आम्ही पुन्हा एकदा वाचायला घेतले. ते तुम्हाला सांगावेसे वाटते.

नावाबद्दल आधी दोन शब्द. आम्ही हिंदी माध्यमातून शिकलो. तिथे पुस्तकात 'ओम का नियम' असे छापलेले असे आणि रोधाला प्रतिरोध म्हणत. मराठी पुस्तकात 'ओहम' आणि 'रोध' असते. जर्मन भाषेत हे नाव जवळजवळ ओम असेच उच्चारतात, त्यातील ह फक्त ओ लांबवण्यासाठी असतो. तेव्हा यावरून कोणी वाद घालू नये. आपण मराठी पुस्तकाप्रमाणे ओहमच म्हणू.

कारागिराच्या घरी जन्म

जॉर्ज सायमन ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन या गावी झाला. त्याच वर्षी शेजारच्या फ्रान्समध्ये राज्यक्रांती सुरू झाली. वडील योहान वोल्फगांग ओहम कुलुपे बनवणारे कारागीर होते. आई मारिया एलिझाबेथ ही एका शिंप्याची मुलगी. या दांपत्याला सात मुले झाली, पण त्यातील तीनच जगली: जॉर्ज, धाकटा भाऊ मार्टिन आणि बहीण एलिझाबेथ. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई वारली.

वडिलांचे रीतसर शिक्षण झाले नव्हते. पण हा माणूस दिवसभर लोखंड घासून रात्री पुस्तके घेऊन बसत असे. स्वतःच्या बळावर ते गणित आणि विज्ञान पुष्कळ शिकले आणि दोन्ही मुलांना त्यांनी घरीच गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवले. जॉर्ज गावातील शाळेत जाऊ लागला तेव्हा तिथे पाठांतरावरच भर होता. विज्ञानाची गोडी लागली ती घरच्या शिकवणीतून. पुढे मार्टिनसुद्धा नामांकित गणितज्ञ झाला. कुलुपे बनवणाऱ्याच्या घरातून दोन गणितज्ञ निघावेत, हे पाहून एर्लांगेन विद्यापीठातील प्राध्यापक लांग्सडॉर्फ यांना या मुलांमध्ये स्वित्झर्लंडच्या प्रसिद्ध बर्नुली घराण्याची आठवण झाली होती. बर्नुली घराण्यात एकापाठोपाठ एक मोठे गणितज्ञ झाले, हे तुम्हाला पुढे कॉलेजात कळेलच.

घरातून दुसरे एक शिक्षणही जॉर्जला मिळाले. धातू कापणे, कानस लावणे, दोन भाग नेमके एकमेकांत बसवणे. कुलूप बनवताना केसभराची चूक झाली तरी किल्ली फिरत नाही. हे शिक्षण पुढे कसे उपयोगी पडले ते आपण पाहूच.

भरकटलेला विद्यार्थी, भटकणारा शिक्षक

१८०५ साली सोळा वर्षांचा जॉर्ज एर्लांगेन विद्यापीठात दाखल झाला. तुम्हाला वाटेल की असा मुलगा पहिल्या दिवसापासून अभ्यासाला लागला असेल. तसे झाले नाही. नृत्य, बिलियर्ड आणि बर्फावरचे स्केटिंग यातच त्याचा बहुतेक वेळ जाऊ लागला. ज्या वडिलांना स्वतःला शिकायची संधी मिळाली नव्हती त्यांना मुलगा ती वाया घालवतो हे सहन झाले नाही. तीन सत्रांनंतर जॉर्जला विद्यापीठ सोडावे लागले आणि वडिलांनी त्याला स्वित्झर्लंडला धाडले.

सप्टेंबर १८०६ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तो गॉटश्टाट येथील एका शाळेत गणिताचा शिक्षक झाला. म्हणजे आपल्या बारावीच्या विद्यार्थ्याच्या वयाचा मुलगा दुसऱ्या मुलांना शिकवू लागला. पुढे १८०९ मध्ये तो नोशातेल येथे खासगी शिकवण्या घेऊ लागला. दरम्यान लांग्सडॉर्फ हायडेलबर्ग विद्यापीठात गेले होते. त्यांच्याकडे शिकायला यावे अशी जॉर्जची इच्छा होती. लांग्सडॉर्फ यांनी मात्र ऑयलर, लाप्लास आणि लाक्रुआ यांचे ग्रंथ स्वतःच वाचावेत असा सल्ला दिला. जॉर्जने तो मानला. शिकवण्या सांभाळून त्याने हे कठीण ग्रंथ एकट्याने वाचून काढले. १८११ साली तो एर्लांगेनला परतला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याला डॉक्टरेट मिळाली.

यानंतर तरी नीट नोकरी मिळावी की नाही? विद्यापीठात गणित शिकवण्याचे काम मिळाले, पण पगार इतका थोडा की पोट भरेना. तीन सत्रांनंतर ते सोडावे लागले. १८१३ मध्ये बाम्बर्ग येथील एका सामान्य शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायला ओहम गेले. ती शाळा १८१६ मध्ये बंदच झाली आणि त्यांना त्याच गावातील दुसऱ्या, मुलांनी खचाखच भरलेल्या शाळेत पाठवण्यात आले. या काळात त्यांनी भूमिती कशी शिकवावी यावर एक पुस्तक लिहिले, ते १८१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी त्यांना कोलोन शहरातील एका चांगल्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्राच्या शिक्षकाची जागा मिळाली. वय होते अठ्ठावीस.

कोलोनच्या शाळेची प्रयोगशाळा

कोलोनच्या शाळेत भौतिकशास्त्राची सुसज्ज प्रयोगशाळा होती. ओहम यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते इथे. वर्गात शिकवून झाले की ते प्रयोगशाळेत जाऊन बसत. जे उपकरण नसेल ते स्वतःच्या हाताने बनवत. वडिलांकडून शिकलेली कारागिरी आता कामाला आली.

१८०० साली इटलीचे व्होल्टा यांनी विजेचा घट शोधला होता. १८२० मध्ये डेन्मार्कचे ओर्स्टेड यांना आढळले की तारेतून वीज वाहत असेल तर जवळची चुंबकसूची वळते. त्यामुळे तारेतील विजेचा जोर मोजण्याचे एक साधन हाती आले. ओहम यांनी स्वतःला एक साधा प्रश्न विचारला: तार लांब केली तर तिच्यातून वाहणारी वीज किती कमी होते?

आज आपल्याला हा प्रश्न सोपा वाटतो. पण त्या वेळी अमीटर नव्हता, व्होल्टमीटर नव्हता. व्होल्ट, अँपियर ही एककेच नव्हती. धारा म्हणजे काय आणि विभवांतर म्हणजे काय, यातला फरकही लोकांच्या मनात स्पष्ट नव्हता. ओहम यांनी एक चुंबकसूची बारीक तारेने टांगली. सूची वळली की वरची तार पिळून तिला मूळ जागी आणायचे आणि किती पीळ द्यावा लागला ते मोजायचे. जितका पीळ जास्त, तितका विजेचा जोर जास्त.

१८२५ मध्ये त्यांनी आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला. त्यात तारेची लांबी आणि विजेचा जोर यांचे एक सूत्र दिले होते. त्या सूत्रात लॉगॅरिदम होते.

आणि ते सूत्र चुकीचे होते.

होय मित्रांनो, ओहमचा पहिला नियम चुकीचा होता, आणि तो छापून साऱ्या विद्वानांपुढे गेला होता. चूक गणिताची नव्हती. व्होल्टा यांच्या पद्धतीचा घट जोडला की सुरुवातीला जोरात चालतो आणि मग मंदावत जातो. ओहम एक तार जोडून वाचन घेत, मग दुसरी जोडत, तेवढ्यात घटाचाच जोर बदललेला असे. धारा कमी झाली ती तार लांब केल्यामुळे की घट थकल्यामुळे, हे वेगळे करणे शक्य नव्हते. दोन गोष्टी एकाच वेळी बदलत असतील तर कोणत्या गोष्टीमुळे काय झाले हे कसे कळणार?

विज्ञानविषयक नियतकालिकाचे संपादक पोगेनडॉर्फ यांनी त्यांना एक मोलाची सूचना केली: घट सोडून द्या, सीबेक यांचे साधन वापरा. सीबेक यांनी १८२१ मध्ये दाखवले होते की दोन वेगळ्या धातूंचे तुकडे टोकांना जोडले आणि एक जोड गरम, दुसरा थंड ठेवला तर वीज वाहू लागते. ओहम यांनी बिस्मथ आणि तांबे घेतले. एक जोड उकळत्या पाण्यात ठेवला आणि दुसरा बर्फात. पाणी उकळते आहे तोवर त्याचे तापमान वाढत नाही आणि बर्फ वितळतो आहे तोवर त्याचेही तापमान तेच राहते. म्हणजे विजेचा उगम स्थिर झाला. आता बदलणारी गोष्ट एकच उरली, तारेची लांबी.

पुसला न गेलेला आकडा

जानेवारी १८२६ मध्ये ओहम यांनी नव्याने वाचने घेतली. एकाच जाडीच्या तांब्याच्या आठ तारा होत्या. त्यांची लांबी २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच. पहिल्या मालिकेत २ इंची तारेला ३२६ पूर्णांक तीन चतुर्थांश इतका पीळ द्यावा लागला, १८ इंची तारेला १९० पूर्णांक तीन चतुर्थांश आणि १३० इंची तारेला फक्त साडेअठ्ठेचाळीस.

या वाचनांवरून त्यांना नवे सूत्र मिळाले. ते इतके सोपे आहे की आठवीचा विद्यार्थीही पडताळून पाहू शकेल. तारेच्या लांबीत २०.२५ मिळवा आणि येणाऱ्या संख्येने ७२८५ ला भागा. २०.२५ कशासाठी? बिस्मथचा तुकडा, जोड आणि सूचीजवळची तार यांचाही रोध असतो. तो सगळा मिळून सुमारे सव्वावीस इंच तारेइतका होता. आणि ७२८५ हा आकडा उकळते पाणी आणि बर्फ यांच्यातील फरकाने मिळणाऱ्या जोराचा.

करून पाहा. १८ इंची तारेसाठी १८ अधिक २०.२५ म्हणजे ३८.२५. त्याने ७२८५ ला भागले की १९०.५ येते. प्रत्यक्ष वाचन १९०.७५. १३० इंचांसाठी उत्तर येते ४८.५, प्रत्यक्ष वाचनही ४८.५. वा!

आता १० इंची तार घ्या. सूत्राने येते २४०.८. ओहम यांचे वाचन आहे २३८.२५. म्हणजे अडीच एककांचा फरक. ६६ इंची तारेलाही एकाहून अधिक एककाचा फरक पडतो. ओहम यांना हे दिसत नव्हते का? नक्कीच दिसत होते, कारण सूत्राने काढलेली उत्तरेही त्यांनीच मांडली. पण २३८.२५ पुसून त्यांनी २४०.८ लिहिले नाही. जे आले तेच छापले. जवळपास दोनशे वर्षे झाली तरी ते वाचन आपल्याला तपासता येते.

आम्हाला या चरित्रातील सर्वात मोठी गोष्ट हीच वाटते. एका वर्षापूर्वी ज्या माणसाचे सूत्र सर्वांसमक्ष चुकले होते, त्याला या वेळी आकडे अगदी चोख दाखवण्याचा मोह झाला नसेल का? पण आकडा जुळला नाही तर आकड्याला बोल लावायचा नाही, साधनाकडे पाहायचे, हे तो मागच्या चुकीतून शिकला होता.

घट बदलला म्हणून नियम सापडला. वाचने बदलली असती तर ओहमचा नियम आज लॉगॅरिदमचाच राहिला असता आणि कोणीतरी दुसऱ्याने तो खोटा ठरवला असता.

ग्रंथ आणि उपेक्षा

१८२६ मध्ये ओहम यांना अर्ध्या पगारावर एक वर्षाची रजा मिळाली. ते बर्लिनला भाऊ मार्टिनकडे राहायला गेले. तिथे त्यांनी आपला ग्रंथ पूर्ण केला, तो १८२७ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्युत मंडलाचे गणिती विवेचन हा त्याचा विषय. फ्रान्सचे फूरिए यांनी १८२२ मध्ये उष्णता धातूतून कशी वाहते याचे गणित मांडले होते. ओहम यांनी विजेचा विचार त्याच धर्तीवर केला. दोन टोकांच्या तापमानात फरक असेल तर उष्णता वाहते, तसेच दोन टोकांच्या विद्युतस्थितीत फरक असेल तर वीज वाहते. धारा त्या फरकाच्या प्रमाणात वाढते आणि रोधाच्या प्रमाणात कमी होते.

या ग्रंथामुळे आपल्याला एखाद्या विद्यापीठात जागा मिळेल, अशी ओहम यांना आशा होती. झाले उलटेच. त्या काळच्या जर्मनीत भौतिकशास्त्रात इतके गणित आणणे अनेकांना पसंत नव्हते. पोल नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने ग्रंथावर अतिशय कडवट टीका केली. शिक्षणखात्याकडूनही ओहम यांची निराशा झाली. मार्च १८२८ मध्ये त्यांनी कोलोनच्या नोकरीचा राजीनामा दिला. ज्या प्रयोगशाळेत शोध लागला, ती सुटली.

पुढची काही वर्षे ओहम बर्लिनमध्ये गणिताच्या थोड्याशा तासिकांवर गुजराण करत राहिले. वय चाळीसच्या घरात, लग्न केलेले नव्हते, कायमची नोकरी नाही. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या तांत्रिक शिक्षणसंस्थेत प्राध्यापकपद मिळाले, तेव्हा कुठे आयुष्याला स्थिरता आली. १८३९ मध्ये ते त्या संस्थेचे प्रमुख झाले. प्रमुखाच्या खुर्चीवर बसल्यावर अभ्यासाला किती वेळ उरतो हे आम्ही स्वानुभवाने सांगू शकतो. तरीही १८४३ मध्ये ओहम यांनी ध्वनीवर महत्त्वाचा निबंध लिहिला. मिश्र आवाजातील वेगवेगळे साधे सूर आपला कान वेगळे करून ऐकतो, हा त्याचा आशय.

उशिरा मिळालेला मान

दरम्यान ग्रंथ आपले काम करत होता. लाइपझिगचे फेख्नर यांनी स्वतः खूप प्रयोग करून १८३१ मध्ये ओहम यांचा नियम बरोबर असल्याचे दाखवले. पुढे तारायंत्र आले. मैलोगणती तार टाकायची तर तिच्या दुसऱ्या टोकाला किती वीज पोहोचेल, हा आता पैशाचा आणि व्यवहाराचा प्रश्न झाला. त्याचे उत्तर कोलोनच्या शाळेतील त्या आठ तारांत होते. इंग्लंडमध्ये तारायंत्रावर काम करणाऱ्या व्हीटस्टन यांनी १८४३ मध्ये रोध मोजण्याच्या पद्धती मांडल्या, त्या ओहम यांच्या नियमावरच उभारलेल्या होत्या.

१८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने ओहम यांना कोप्ले पदक दिले. त्याच वर्षी ग्रंथाचे इंग्रजी भाषांतरही निघाले. ग्रंथ छापून चौदा वर्षे झाली होती. परदेशाने गौरव केल्यावर घरच्यांचेही लक्ष गेले. १८४५ मध्ये बव्हेरियाच्या विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य करून घेतले. १८४९ मध्ये ते म्युनिकला गेले आणि १८५२ मध्ये तेथील विद्यापीठात प्रायोगिक भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. जे पद तरुणपणी हवे होते ते त्रेसष्टाव्या वर्षी मिळाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, ६ जुलै १८५४ रोजी, म्युनिक येथे त्यांचे निधन झाले.

१८८१ साली पॅरिस येथे वीजतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिने रोधाच्या एककाला ओहम हे नाव मान्य केले आणि त्याच्या जोडीला व्होल्ट आणि अँपियर ही नावेही. खूण म्हणून ओहमसारखाच उच्चार सुरू होणारे ग्रीक अक्षर ओमेगा वापरतात. रोधाच्या उलट राशीच्या एककाला काही काळ गमतीने ओहमची इंग्रजी अक्षरे उलटी लिहून 'म्हो' म्हणत असत. आता त्याला सीमेन्स म्हणतात.

शक्तीचे काय?

वॉट काढण्याचे काम ओहम यांनी केले नव्हते. ते काम इंग्लंडचे जूल यांच्या वाट्याला आले. कोप्ले पदकाच्याच वर्षी, म्हणजे १८४१ मध्ये, जूल यांनी प्रसिद्ध केले की तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाला रोधाने गुणले असता जे येते त्या प्रमाणात असते. त्यात ओहमचा नियम घातला की धारा गुणिले रोध म्हणजेच विभवांतर. म्हणून शक्ती = विभवांतर × विद्युतधारा.

थंडीत घराघरात पाणी तापवण्याचा रॉड निघतो. समजा, त्यावर १५०० वॉट, २३० व्होल्ट असे लिहिले आहे. १५०० ला २३० ने भागा, धारा आली सुमारे ६.५ अँपियर. २३० ला ६.५२ ने भागा, रोध आला सुमारे ३५ ओहम. आता समजा व्होल्टेज उतरून १८० झाले. रॉडचा रोध जवळजवळ तोच राहतो. धारा होईल सुमारे ५.१ अँपियर आणि शक्ती सुमारे ९२० वॉट. व्होल्टेज पाचव्या हिश्शाहून थोडेसेच जास्त घटले, पण शक्ती जवळजवळ चाळीस टक्के घटली, कारण व्होल्टेजबरोबर धाराही कमी झाली. अशा दिवशी बादली तापायला दीडपटीहून जास्त वेळ लागतो तो यामुळे.

आता एक कोडे. जुन्या पद्धतीचा, आत तार असलेला १०० वॉटचा बल्ब घ्या. २३० व्होल्टवर त्याची धारा येते ०.४३ अँपियर आणि रोध ५२९ ओहम. तोच बल्ब होल्डरमधून काढून, पूर्ण थंड झाल्यावर, मल्टिमीटरने रोध मोजा. ४० ओहमच्या आसपास आकडा दिसेल. कुठे ५२९ आणि कुठे ४०! विद्यार्थी म्हणेल, मल्टिमीटर बिघडला. आमच्या मते मल्टिमीटर खरे बोलतो आहे आणि सूत्रही. पेटलेल्या बल्बची तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापलेली असते आणि तापल्यावर तिचा रोध बारा-तेरा पट होतो. ओहमच्या नियमाच्या व्याख्येत 'तापमान स्थिर असताना' असे तीन शब्द आहेत. पाठ करताना तेच शब्द आपण घाईने गिळतो. ओहम यांना घट सोडून उकळत्या पाण्याकडे आणि बर्फाकडे का वळावे लागले हे ज्याला समजले, त्याला हे शब्दही समजतील.

(एक सूचना. मोजमाप फक्त काढून ठेवलेल्या बल्बवर करावे. घरच्या विजेच्या बोर्डावर मल्टिमीटर लावण्याचे धाडस कोणीही करू नये. शाळेत शिक्षकांसमक्ष करावे.)

आता आमच्याकडून

चरित्र वाचून झाल्यावर आम्ही विज्ञानाच्या शिक्षकांबरोबर बसलो. चूक एकट्या विद्यार्थ्यांची नाही, हे आम्ही सर्वांनी मान्य केले. सरळ रेषेला पूर्ण गुण आणि वाकड्या बिंदूला काट, असे आम्हीच वर्षानुवर्षे केले तर मुले बिंदू पुसणारच.

म्हणून या सत्रापासून प्रायोगिक वहीत प्रत्येक प्रयोगाखाली थोडी जागा मोकळी ठेवायची आहे. जे वाचन रेषेबाहेर गेले त्याला गोल करा आणि खाली लिहा: ते असे का आले असावे? तार तापली होती का? जोड सैल होता का? काटा शून्यावर होता का? वाचन तिरक्या नजरेने घेतले का? कारण सापडले तर पुन्हा वाचन घ्या आणि दोन्ही वाचने वहीत राहू द्या. नाही सापडले तर तेही लिहा. या जागेसाठी वेगळे गुण राहतील. मात्र दोन वह्यांत हुबेहूब सारखी वाचने दिसली तर दोघांनाही प्रयोग पुन्हा करावा लागेल. प्रयोगशाळा शनिवारी मधल्या सुटीनंतर त्यासाठी उघडी राहील.

ज्या विद्यार्थ्याच्या वहीत आम्हाला तो पुसलेला बिंदू दिसला, त्याचे नाव आम्ही इथे लिहिणार नाही. ते त्याला ठाऊक आहे आणि आम्हाला. त्याने तो बिंदू पुन्हा काढावा, एवढेच आमचे सांगणे आहे.

तुमचे,
प्राचार्य